नागपूरहून धबधब्याकाठी सूर्योदय टिपायला: गटाची फोटोसहल कशी आखायची

पाऊस चांगला झाला की नागपूरच्या फोटोवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो: "रविवारी पहाटे निघू, धबधब्यावर सनराइज करू." वीस जण अंगठा दाखवतात. शनिवारी रात्री त्यातल्या निम्म्यांच्या घरी अचानक पाहुणे येतात. उरलेले निघतात, कोंढाळीला चहा होतो, तळेगावला पोहे होतात, आणि गाडी धबधब्यापाशी लागते तेव्हा ऊन चांगलं चढलेलं असतं, पाण्यात अर्धं गाव उतरलेलं असतं.

अशी सहल पहिल्यांदाच काढणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढची सगळी आखणी तिच्यावर उभी आहे: सूर्योदय आणि धबधबा या एकाच सकाळच्या दोन वेगवेगळ्या जागा आहेत. आपल्याकडचे बहुतेक धबधबे दरीत, घळीत पडतात. सूर्य क्षितिजावर आला तरी ऊन त्या घळीत उतरायला तास-दीड तास लागतो. शिवाय हे धबधबे जंगलात आहेत. अंधारात तिथली फाटकं उघडत नाहीत, आणि उघडी असली तरी त्या वेळी पायी जाण्यात शहाणपण नाही. म्हणून सूर्योदय उघड्या कड्यावर किंवा तलावाच्या काठी घ्यायचा आणि तिथून उठून, ऊन दरीत पोचायच्या आत, सावलीतला धबधबा गाठायचा. एवढं मान्य केलंत तर अर्धी गडबड इथेच संपते.

१. आधी महिना, मग तारीख

जुलै-ऑगस्टमध्ये पाणी धो धो असतं, पण चिखलदऱ्याला तेव्हा धुकं एवढं असतं की सूर्य कुठून उगवला हे होकायंत्रालाच ठाऊक. पाणीही गढूळ, चहाच्या रंगाचं. नोव्हेंबरनंतर आकाश निरभ्र, पण विदर्भातले बरेच धबधबे पावसाच्या पाण्यावरच चालणारे असल्यामुळे डिसेंबरात त्यांची नुसती धार उरते. पाणी नितळ झालेलं आहे आणि ढगही पुरते गेलेले नाहीत, असा काळ सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा. सूर्योदयाला रंग ढगांमुळे येतात. कोऱ्या आकाशात सूर्य नुसता उगवतो.

या काळात माझी सगळ्यात आवडती वेळ पितृपक्षाची. लोक शुभकार्यं ठेवत नाहीत, प्री-वेडिंगवाले येत नाहीत, हौशी सहली कमी, खोल्या स्वस्त. ग्रुपमधल्या कोणाच्या घरी श्राद्धाची तिथी असेल ती तेवढी विचारून घ्या.

काही तारखा टाळाच. १५ ऑगस्टला जोडून आलेले शनिवार-रविवार म्हणजे घाटात गाड्यांची रांग. पचमढीचा विचार असेल तर नागपंचमीच्या आधीचे दिवस सोडा. नागद्वारच्या यात्रेला विदर्भातूनच इतकी माणसं जातात की खोली सोडा, गाडी लावायला जागा मिळत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत असते, त्यामुळे तुमचे फोटोवाले ती मिरवणूक टिपायला इतवारीत असतील, डोंगरात नाही. दसऱ्याच्या आसपास दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय येतो, शहरात भाड्याच्या गाड्यांची ओढाताण असते. नवरात्रात देवीची ठाणी असलेल्या जागांवर पहाटेपासूनच गर्दी. श्रावणी सोमवारी महादेवाच्या जागांचंही तसंच.

तारखेसोबत चंद्रही बघा. पौर्णिमेच्या पुढच्या दोन-चार दिवसांत पहाटे चंद्र पश्चिमेकडे असतो, पायाखालचं दिसतं. अमावास्येला तारे मिळतात, पण प्रत्येकाच्या हातात टॉर्च हवाच.

२. जागा निवडणं

नागपूरहून जाण्यासारख्या जागा बऱ्याच आहेत. पण नवख्या गटाला चालतील अशा कमी.

चिखलदरा हा माझा पहिला कौल. अमरावती, परतवाडा करत सुमारे सव्वादोनशे किलोमीटर, थांबत थांबत पाच-साडेपाच तास. काटोल, वरूड, मोर्शीकडूनही जाता येतं. उंची ११०० मीटरच्या वर, त्यामुळे सप्टेंबरातही पहाटे अंगात काहीतरी लागतं. मुख्य फायदा असा की सूर्योदयाचे कडे आणि धबधबे दोन्ही गावाच्या आसपास आहेत आणि बहुतेक ठिकाणी गाडी जवळपर्यंत जाते. भीमकुंडाचं पाणी खोल दरीत पडतं आणि आपण ते कड्यावरून बघतो, म्हणजे ओल्या दगडांवर उतरायचा प्रश्नच नाही. पंचबोल पॉइंटवरून दरी मोठी दिसते. गाविलगड किल्ल्यासाठी दिवस वेगळा ठेवा. याच सकाळी तोही उरकू म्हणाल तर काहीच धड होणार नाही.

पचमढी देखणी आहे. धूपगड १,३५२ मीटर, म्हणजे सातपुड्यातलं सगळ्यात उंच शिखर, आणि बी फॉल, रजत प्रपात ही नावं सगळ्यांना माहीत. पण तिथे ठरावीक जागांसाठी स्थानिक जिप्सी करावी लागते, फाटकांच्या वेळा असतात, आणि दोन दिवस पुरत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या सहलीला ठेवा.

गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातला हाजरा फॉल दरेकसा स्टेशनजवळ आहे. धबधबा मोठा, पावसाळ्यात जोरदार. तो जंगलातला आहे, प्रवेशाची वेळ ठरलेली आहे, त्यामुळे सूर्योदय तिथे होत नाही हे गृहीत धरूनच जा. छिंदवाडा जिल्ह्यातलं कुकडी खापा, जुन्या नॅरोगेजच्या वाटेवरचं, एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. पारशिवनीजवळ पेंच नदीवरचं घोगरा महादेव तर अगदी हाताशी. तिथे उंच धबधबा नाही, खडकांमधून उसळत जाणारं पाणी आहे. मंद शटरचा, म्हणजे जास्त वेळ उजेड आत घेऊन वाहतं पाणी मऊ दाखवण्याचा, हात बसवायला उत्तम जागा. फक्त ध्यानात ठेवा की नदीच्या वरच्या अंगाला धरणं आहेत. धरणातून पाणी सोडलं तर आकाशात एक ढग नसतानाही नदी चढते. आदल्या दिवशी पारशिवनीत चौकशी केल्याशिवाय पात्रात पाय ठेवू नका.

चिमूर तालुक्यात डोम्याजवळचा मुक्ताईचा धबधबा आणि नागभीडकडच्या जागा सुंदर आहेत, पण तिकडे अंधारात जायचं नाव काढू नका. ताडोबाबाहेरचे वाघ त्या पट्ट्यात शेतापर्यंत येतात आणि पहाटे सरपणाला, शेतावर गेलेल्या माणसांचा वाघाने जीव घेतल्याच्या बातम्या आपण वाचतोच. तिथे ऊन पडल्यावर, गावकऱ्यांना विचारून, घोळक्यानेच जायचं. मेळघाटात वाघापेक्षा अस्वलाची धास्ती जास्त धरा. पहाटे ते आणि तुम्ही एकाच पायवाटेवर असू शकता.

जागा ठरल्यावर दिशा तपासा. हे काम घरी बसून होतं. आपल्याकडे जूनअखेर सूर्य नेमक्या पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे उगवतो, ऑगस्टच्या मध्याला १५ अंश उत्तरेकडे, २२-२३ सप्टेंबरला जवळपास थेट पूर्वेला, आणि डिसेंबरअखेर २५ अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. म्हणजे जुलैत कोणी काढलेला सुंदर फोटो बघून ऑक्टोबरात गेलात तर सूर्य डोंगराआड असू शकतो. फोटोपिल्ससारख्या अॅपमध्ये ठिकाण आणि तारीख टाकली की नकाशावर रेघ दिसते. अॅप नसेल तर उपग्रह नकाशा आणि मोबाइलमधलं होकायंत्र पुरतं.

धबधब्याचं तोंड कुठे आहे तेही बघा. पूर्वेकडे तोंड असेल तर ऊन लवकर येतं, पांढरं पाणी भगभगीत होतं, मंद शटरला वेळ कमी मिळतो. त्या बदल्यात सूर्य पाठीशी ठेवून तुषारांकडे पाहिलंत तर इंद्रधनुष्य मिळायची शक्यता असते, कारण सकाळी सूर्य खाली असतो. तोंड पश्चिमेला किंवा उत्तरेला असेल तर निवांत नऊपर्यंत काम करा.

३. माणसं

आठ ते दहा. त्यापुढे "नाही" म्हणायला शिका. कड्यावरच्या बऱ्या जागी चार-पाच ट्रायपॉड मावतात. पंधरा जण असले की मागचे दहा जण पुढच्यांच्या डोक्यांचे फोटो काढतात.

तीन जबाबदाऱ्या वाटून टाका. एक जण वेळ बघणारा, ज्याने "चला" म्हटलं की उठायचं. एक पैसे सांभाळणारा. एक सगळ्यांच्या मागून चालणारा, ज्याच्या मागे कोणी उरणार नाही. हा तिसरा माणूस अनुभवी हवा. पहिल्या दोघांचं कसंही भागतं. बाकीच्यांच्या जोड्या लावा: एक सरावलेला, एक नवा. जोडीदाराला न सांगता कोणी हलायचं नाही.

मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांना घ्या, त्यांच्याकडून फ्रेम शिकायला मिळते. पण "मिसेस आणि मुलं पण येतील, ती आपली आपली फिरतील" असं कोणी म्हटलं तर नम्रपणे कौटुंबिक सहल वेगळी काढू म्हणा. पहाटे साडेचारला उठवलेलं सात वर्षांचं पोर आपलं आपलं फिरत नाही.

नावं घेताना ग्रुपवर असा मेसेज टाका, म्हणजे नंतर वाद होत नाहीत:

"चिखलदरा फोटोसहल. शनिवारी सकाळी ११ वाजता व्हेरायटी चौकातून गाडी हलेल, थांबणार नाही. रविवारी संध्याकाळी ६ पर्यंत परत. आगाऊ रक्कम भरेल त्याचंच नाव पक्कं. गुरुवारनंतर रद्द केल्यास आगाऊ रक्कम परत नाही, बदली माणूस चालेल. पाण्यात उतरणं, दारू आणि ड्रोन नाही. हे मान्य असेल तरच हो म्हणा."

अंगठे निम्म्यावर येतील. तेच हवं आहे.

४. गाडी, मुक्काम, पैसे

रात्री बाराला निघून पहाटे पोचायचा बेत तरुणांना फार भुरळ घालतो. परतवाड्यानंतरचा घाट, धुकं आणि पेंगुळलेला ड्रायव्हर हे तिन्ही एकत्र आणू नका. आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करायचा.

आठ-दहा जणांना बारा सीटांची ट्रॅव्हलर बरी, कारण बॅगा आणि ट्रायपॉड दोन सीट खातात. ठरवताना चार गोष्टी विचारा: रोजचे किमान किलोमीटर किती धरणार, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा का, टोल-पार्किंग कोणाकडे, आणि पहाटे पाचला गाडी काढायला ड्रायव्हर तयार आहे का. हा शेवटचा प्रश्न मालकाला विचारून भागत नाही, ड्रायव्हरलाच विचारा: "भाऊ, रविवारी पाचला निघायचं आहे, चालेल ना?" आणि त्यांच्या झोपण्याची सोय करा. गाडीत मान वाकडी करून झोपलेल्या माणसाकडून दुसऱ्या दिवशी घाट उतरवून घेऊ नये.

पांढऱ्या नंबरप्लेटची कोणाच्या तरी ओळखीतली गाडी स्वस्तात मिळते. ती भाड्याने नेली आणि काही झालं तर विम्याचे पैसे मिळताना अडतं. पिवळ्या प्लेटचीच घ्या, आणि मध्य प्रदेशात जाणार असाल तर तिकडचा परवाना-कर भरलाय का ते निघण्याआधी बघा.

मुक्कामासाठी चिखलदऱ्यात पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, खाजगी हॉटेलंही भरपूर. खोलीच्या टीव्हीची चौकशी सोडा, दोनच गोष्टी विचारा: गाडी आत लागते का, आणि पहाटे पावणेपाचला मुख्य फाटकाचं कुलूप कोण उघडणार. हे दुसरं फार जणांच्या लक्षात येत नाही. फाटकाला कुलूप, किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर गाढ झोपेत आणि पूर्वेला तांबडं फुटतंय, अशी वेळ येते.

पैशांत गाडी, खोली, जेवण, शुल्क यांच्या बेरजेवर दहा टक्के वर धरा. रोख रक्कम न्या, त्यात सुट्टे भरपूर. वर नेटवर्क धड नसतं, आणि नाक्यावर, पार्किंगला, चहावाल्याकडे यूपीआय फिरत राहतं.

५. कागदपत्रं आणि परवानग्या

प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवायचं:

- आधार किंवा दुसरं सरकारी ओळखपत्र, मूळ प्रत. मोबाइलमधला फोटो हॉटेलवाला एखाद वेळी चालवून घेईल, वनखात्याचं फाटक घेईलच असं नाही.
- रक्तगट, चालू औषधं, अॅलर्जी आणि घरच्या एका माणसाचा नंबर, कागदावर लिहून. मोबाइल बंद पडतो, कागद पडत नाही.
- महागडा कॅमेरा असेल तर बिलाची किंवा विम्याची प्रत आणि बॉडी-लेन्सचे सिरीयल नंबर.

गटप्रमुखाकडे सगळ्यांची यादी, हॉटेलच्या बुकिंगची छापील प्रत, गाडीचे आरसी, विमा, पीयूसी, परमिट आणि ड्रायव्हरचा परवाना यांचे फोटो हवेत. ही यादी नागपुरात घरी असलेल्या एका विश्वासू माणसालाही पाठवा, कुठे जाणार आणि किती वाजता परत नेटवर्कमध्ये येणार त्या वेळेसकट.

परवानगीचा मुद्दा जरा नाजूक आहे. चिखलदऱ्याभोवती मेळघाट व्याघ्र प्रकल्प आहे, १९७० च्या दशकात देशात जे पहिले व्याघ्र प्रकल्प झाले त्यातला हा एक. गावाच्या हद्दीतले पॉइंट वेगळे, जंगलातल्या वाटा वेगळ्या. कुठली वाट कधी उघडते हे तिथल्या वनखात्याच्या कार्यालयात फोन करून त्याच आठवड्यात विचारा. गेल्या वर्षीच्या माहितीवर जाऊ नका. आणि फाटकावरच्या माणसाला दहा ट्रायपॉड एकदम दिसले की त्याला वाटतं शूटिंगवाले आले. व्यावसायिक चित्रीकरणाचे नियम आणि शुल्क वेगळे असतात. म्हणून घोळका न नेता एकाने पुढे व्हायचं, "दादा, आम्ही हौशी लोक, नागपूरचे, विकायचं काही नाही" असं सांगायचं, कॅमेऱ्याचं शुल्क असेल तर भरायचं आणि पावती घ्यायची. हुज्जत घातलीत तर सकाळ गेली.

ड्रोन घरी ठेवा. व्याघ्र प्रकल्पात लेखी परवानगीशिवाय तो उडवता येत नाही आणि हौशी गटाला ती मिळवणं हे एका सहलीचं काम नव्हे.

६. सामान

कॅमेरा कोणताही चालेल. ट्रायपॉड मात्र हलका-फुलका नको, वाऱ्यात हलणारा ट्रायपॉड असून नसल्यासारखा. एक रुंद लेन्स, म्हणजे मोठा देखावा मावणारी, आणि एक लांब, म्हणजे दूरचं जवळ आणणारी. लांब लेन्स नवखे घरी ठेवतात, आणि कड्यावरून दरीतल्या धबधब्याचा फोटो नेमका तिनेच मिळतो. पोलरायझर (चकाकी घालवणारा फिल्टर) एक, एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) एक. एकच एनडी घ्यायचा तर सहा स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), ज्याला एनडी ६४ म्हणतात. एनडी १००० ची सकाळच्या सावलीत गरज पडत नाही. व्हेरिएबल एनडी स्वस्तातला घेतलात तर रुंद लेन्सवर आकाशात काळी फुली उमटते.

मोबाइलवाल्यांनी ट्रायपॉडचा क्लॅम्प आणि पॉवर बँक घ्यावी. बहुतेक फोनमध्ये आता प्रो मोड किंवा लाँग एक्स्पोजर असतं, ते घरी नळाच्या धारेवर वापरून बघा.

बाकी: डोक्याला लावायचा टॉर्च, जास्तीच्या बॅटऱ्या, मायक्रोफायबरची चार-पाच फडकी (एक पुरत नाही, तुषारांनी पाच मिनिटांत भिजतं), सिलिका जेलच्या पुड्या, बॅगेचं रेनकव्हर, खोल नक्षीच्या रबरी तळाचे बूट, कपड्यांचा एक कोरडा जोड, वीस मीटर दोर, प्रथमोपचाराची पेटी, शिट्टी, थर्मास. चहाची टपरी पाचला उघडत नाही. खायचं बॅगेत, चेन लावून. चिखलदऱ्याच्या वानरांना प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज लांबून कळतो.

७. आदली संध्याकाळ

पाचच्या सुमाराला पोचलात की खोलीत लोळायच्या आधी सूर्योदयाची जागा बघून या. उजेडात उभं राहून ठरवा: गाडी कुठे लागेल, किती पावलं चालायचं, कठडा कुठे आहे आणि कुठे नाही, कोण कुठे उभा राहील. होकायंत्र धरून सूर्य कुठे येणार ते पक्कं करा, आणि त्या रेषेत वीजेची तार किंवा मोबाइलचा टॉवर आहे का बघा. अंधारात ही तार दिसत नाही. ती सापडते घरी, मोठ्या पडद्यावर.

हवामानासाठी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हावार इशारा वाचा. ऑरेंज अलर्ट असेल तर धबधबा रद्द. ही मतदानाची गोष्ट नाही. विजांसाठी दामिनी अॅप मोबाइलमध्ये असू द्या.

रात्री बॅटऱ्या चार्ज, कार्ड रिकामं, फिल्टर पुसलेले, कपडे काढून ठेवलेले. साडेनऊला दिवे बंद. गप्पा रंगतात हे खरं, त्या परतीच्या गाडीत रंगवा.

८. पहाट

सप्टेंबरअखेर नागपुरात सूर्योदय सहा वाजून तीन मिनिटांच्या आसपास. चिखलदरा पश्चिमेला असल्यामुळे तिथे सहा-सात मिनिटं उशिरा; हाजरा फॉलला उलट, नागपूरच्या आधी. पण आपलं काम सूर्योदयाच्या वेळेवर सुरू होत नाही. रंग त्याआधी अर्धा-पाऊण तास येतात, आणि पुष्कळदा सूर्य वर आल्यावर संपलेले असतात.

४.१५ उठणं, ४.५० गाडीत हजेरी, ५.२० जागेवर, ५.३० ला ट्रायपॉड उभे. हजेरी नावं घेऊन; "सगळे आलेत ना?" या प्रश्नाला नेहमी "हो"च उत्तर येतं.

कॅमेरा एसी खोलीतून किंवा एसी गाडीतून थेट दमट हवेत काढला की लेन्सवर बाष्प धरतं आणि पुसलं तरी पुन्हा येतं. बॅग बंद ठेवूनच वीसेक मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या, किंवा ड्रायव्हरदादांना आधीच एसी बंद करायला सांगा.

पहिला फोटो काढण्याआधी सगळ्यांनी टॉर्च विझवायचे. एकाचा टॉर्च बाकी नऊ जणांच्या फ्रेममध्ये येतो. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) १००, एफ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) ८ ते ११, फोकस दूरच्या कड्यावर हाताने, दोन सेकंदांचा टायमर. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढा. आकाश आणि जमीन यांच्यात उजेडाचा फरक मोठा असतो, तेव्हा आकाश पांढरंफटक होऊन जळणार नाही इतपत एक्स्पोजर ठेवा, जमीन नंतर वर आणता येते. आणि एकदा तरी पाठीमागे वळून पश्चिमेला बघा. सगळे पूर्वेकडे तोंड करून उभे असतात तेव्हा मागच्या दरीतल्या धुक्यावर गुलाबी उजेड पडलेला असतो.

पावणेसातला वेळ बघणाऱ्याने उठवायचं. इथे सगळे "अजून पाचच मिनिटं" म्हणतात. द्यायची नाहीत.

९. धबधब्यापाशी

सव्वासात ते नऊ. इथे गटाचे दोन भाग करा. एक वरच्या जागी, एक बाजूला, अर्ध्या तासाने अदलाबदल.

पाणी दुधासारखं दिसावं म्हणून सगळे शटर फार लांबवतात. मोठ्या धबधब्याला दहा सेकंद दिले की नुसता पांढरा पट्टा होतो, पाण्याचा जोर जातो. पाव सेकंद ते एक सेकंद एवढ्यात धारा सुट्या दिसतात. हिशोब सोपा: फिल्टरशिवाय कॅमेऱ्याचा मीटर १/६० सेकंद दाखवत असेल तर एनडी ६४ लावल्यावर साधारण एक सेकंद होतो. पोलरायझर फिरवून ओल्या दगडांवरची चकाकी घालवा, शेवाळाचा हिरवा रंग एकदम उठून येतो. तो स्वतःच दीड-दोन स्टॉप खातो, त्यामुळे पुष्कळदा एनडीशिवायही भागतं. सावलीत फोटो निळसर येतो, व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांचा समतोल) ६००० ते ७००० केल्व्हिनच्या दरम्यान घ्या.

ट्रायपॉड उतारावर लावताना दोन पाय उताराकडे आणि एक वरच्या बाजूला. मधली दांडी वर काढू नका. खाली बॅग लटकवायची तर ती जमिनीला टेकेल अशी. झोके घेणारी बॅग ट्रायपॉडला हलवतच राहते. ट्रायपॉडवर असताना लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद केलेलं बरं. दर दोन-तीन फोटोंनंतर लेन्सची काच बघा: छोट्या पडद्यावर न दिसलेला एक थेंब घरी येऊन सगळी मालिका वाया घालवतो.

पाण्यातल्या पानांचे, दगडावरून घसरणाऱ्या एका धारेचे जवळचे फोटोही काढा. दहा जणांकडे तोच रुंद फोटो असतो, हे वेगळे असतात.

१०. पाण्याशी गाठ

हा भाग निघताना गाडीत मोठ्याने वाचून दाखवा.

काळपट, चमकणारा दगड कोरडा दिसला तरी निसरडा असतो. पाय टाकण्याआधी ट्रायपॉडच्या टोकाने चाचपून बघा. डोळा कॅमेऱ्याला लावून एक पाऊलही मागे-पुढे व्हायचं नाही. कठड्याच्या पलीकडे कोणी नाही, सेल्फीसाठी तर नाहीच.

कुंडात उतरायचं नाही, पट्टीचा पोहणारा असला तरी. धबधब्याच्या तळाशी पाणी गोल फिरतं आणि आत ओढतं, फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्यामुळे माणूस नेहमीसारखा तरंगत नाही.

पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला किंवा आवाज वाढला, तर वर कुठेतरी पाऊस झालाय. बॅग उचलायची, तिरपं चालत उंचावर जायचं. ट्रायपॉड आवरत बसायचं नाही. शिट्टीच्या तीन फुंकी म्हणजे सगळ्यांनी बाहेर, हे आधीच ठरवून ठेवा, कारण धबधब्याशेजारी हाका ऐकू येत नाहीत. अपघात झालाच तर ११२ किंवा १०८. पण नेटवर्क कुठल्या वळणावर मिळतं ते आदल्या संध्याकाळी बघून ठेवलेलं हवं.

११. परत निघताना आणि घरी

साडेनऊला नाश्ता, अकराला गाडी हलवा. गर्दीच्या रविवारी घाटात एकेरी वाहतूक लावतात, आल्या वाटेनेच परत सोडतील असं धरू नका. हिशोब गाडीतच पुरा करा, पावत्यांचे फोटो ग्रुपवर टाका, उरलेले पैसे त्याच रात्री परत. फोटो टाकताना प्रत्येकी पाचच, अशी मर्यादा घातली तर लोक निवड करायला शिकतात. आडवाटेची, गावकऱ्यांनी प्रेमाने दाखवलेली जागा असेल तर लोकेशन लावू नका.

घरी आल्यावर कितीही झोप आली तरी बॅग उघडून कॅमेरा, लेन्स, फिल्टर बाहेर काढा आणि पंख्याखाली रात्रभर राहू द्या. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून पुसा, आत चिखलाचं पाणी साठतं. ओली बॅग बंद करून कपाटात टाकलीत तर नागपूरच्या सप्टेंबरातल्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरते, आणि ती काढायला दुकानदार जे पैसे मागतो त्यात दोघांची सहल होते. लेन्स तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला कोणीतरी देईलच. ठेवू नका, पीठ रिंगमध्ये शिरतं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल पुरे. जेलचे निळे दाणे गुलाबी पडले की तव्यावर मंद आचेवर परतून घ्या, पुन्हा निळे होतात. तो तवा मग पोळ्यांना वापरू नका.